दुसऱ्या रात्रीची तयारी

सातवा महिना लागला की घरात याद्या सुरू होतात. झबली, टोपरी, लंगोट, दुपटी, मालिशचं तेल, डिंक, अळीव, बाळंतशोपा. मालिशवाली बाई आधीच ठरलेली असते. बाळंतपण माहेरी की इथेच, यावर दोन्हीकडची फोनाफोनी होऊन गेलेली असते. बाळाला अंगावर पाजायचं कसं, याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. ते आपोआप जमतं, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं.

काहीजणींना ते खरंच आपोआप जमतं. पुष्कळजणींना नाही जमत, आणि त्यात त्यांचा काही दोष नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातली 88.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याची नोंद आहे. त्याच सर्वेक्षणात जन्मानंतर तासाभरात आईचं दूध मिळालेली बाळं मात्र 41.8 टक्केच आहेत. डॉक्टर, सिस्टर, खाट सगळं हाताशी असताना निम्म्याहून अधिक बाळांचा पहिला तास हुकतो. तेव्हा प्रश्न सोयीचा कमी आणि तयारीचा जास्त आहे.

माझ्या मते ही तयारी म्हणजे पहिल्या तीन दिवसांची तयारी, आणि त्यातही दुसऱ्या रात्रीची. वरच्या दुधाचा पहिला चमचा बहुतेक घरांत याच दिवसांत, रात्री, कोणीतरी घाबरल्यामुळे दिला जातो. त्या रात्री काय होणार हे घरातल्या सगळ्यांना आधीपासून माहीत असेल, तर निम्मी भीती तिथेच संपते.

दूध येतं कसं

गरोदरपणाच्या मध्यापासूनच स्तनांत चीक तयार व्हायला लागतो. काहीजणींच्या कपड्यांवर सातव्या-आठव्या महिन्यात पिवळट डाग दिसतात, ते त्याचेच. डाग दिसले नाहीत म्हणून दूध येणार नाही असं नाही. बाळ जन्मलं, वार पडली, की शरीरातलं प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं आणि दूध वाढायला सुरुवात होते. छाती भरल्यासारखी वाटायला त्यानंतर साधारण दोन ते चार दिवस लागतात. पहिलटकरणीला, सिझेरियन झालेल्या बाईला, मधुमेह किंवा थायरॉइडचा त्रास असलेल्या बाईला एखादा दिवस जास्त लागू शकतो.

या मधल्या दिवसांत बाळ उपाशी नसतं. त्याच्यासाठी चीक असतो. तो घट्ट, पिवळसर आणि मोजकाच असतो. पहिल्या दिवशी बाळ एका वेळी 2 ते 10 मिलिलिटर घेतं, म्हणजे अर्धा ते दोन चमचे. त्याच्या पोटाची ताकदही तेवढीच असते. चिकात रोगप्रतिकारक घटक ठासून भरलेले असतात आणि पोटातली काळी शी बाहेर पडायलाही त्याची मदत होते. पूर्वी काही घरांत चीक ‘जड’ म्हणून पिळून टाकत. अजूनही कोणी तसं सुचवलं तर नम्रपणे पण ठाम नकार द्या.

पुढचं सगळं मागणीवर चालतं. बाळ ओढतं तेव्हा मेंदूतून दोन संप्रेरकं सुटतात. प्रोलॅक्टिन दूध बनवतं, ऑक्सिटोसिन बनलेलं दूध पुढे ढकलतं. स्तन जितक्या वेळा रिकामा होईल तितकं नवं दूध बनतं. भरलेला राहिला तर शरीर उत्पादन आवरतं घेतं. प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं चुकवू नये. ऑक्सिटोसिन भीतीने, वेदनेने, अपमानाने अडतं. बाळंतिणीला कोणी ‘तुला दूधच नाही’ असं चार वेळा ऐकवलं तर पान्हा खरोखरच अडू शकतो. याच ऑक्सिटोसिनमुळे पहिल्या दिवसांत पाजताना ओटीपोटात कळा येतात. गर्भाशय आकसत असतं आणि रक्तस्राव कमी होत असतो. घाबरू नका.

बाळ येण्याआधी

गरोदरपणात स्तनांना फार काही करावं लागत नाही. साबणाने घासू नका, त्याने त्वचा कोरडी पडून भेगा लवकर पडतात. स्तनाग्रं आत गेलेली किंवा सपाट असली तर ती ओढायचे, पिळायचे जुने उपाय करू नका. त्यांचा उपयोग होत नाही आणि स्तनाग्रं चोळल्याने गर्भाशयाला कळा सुरू होऊ शकतात. एवढंच करा, तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना किंवा सिस्टरला दाखवून ठेवा. बाळ नुसतं बोंड धरत नाही, भोवतालचा काळा भागही तोंडात घेतं, त्यामुळे सपाट स्तनाग्रं असलेल्या बहुतेक बायका नीट पाजू शकतात. स्तनावर पूर्वी शस्त्रक्रिया झाली असेल, थायरॉइड, पीसीओएस, मधुमेह किंवा रक्तक्षय असेल तर तेही आधी सांगा. सुरू असलेल्या प्रत्येक औषधाचं नाव सांगा. बहुतेक औषधं चालतात, काही बदलावी लागतात, पण हा निर्णय बाळंतपणाच्या धांदलीत घ्यायला नको.

जिथे नाव घातलंय त्या दवाखान्यात चार प्रश्न विचारून ठेवा. बाळ जन्मल्याबरोबर माझ्या छातीवर ठेवाल का? सिझेरियन झालं तर बाळ माझ्याजवळ किती वेळात आणाल? रात्री बाळ माझ्याच खोलीत राहील ना? पाजायला मदत करणारं कोणी आहे का? उत्तरं ऐकून दवाखान्याची पद्धत कळते. दाखल होताना नवऱ्याने किंवा आईने सिस्टरला स्पष्ट सांगावं की बाळाला वरचं काही द्यावं लागलं तर आधी आम्हाला विचारा आणि कारण सांगा. दवाखाना बदलणं नेहमी शक्य नसतं, पण असं सांगून ठेवलेलं असलं की फरक पडतो.

पाजताना कसं दिसायला हवं हे आधी डोळ्यांनी पाहून घ्या. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात डॉ. रूपल दलाल यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या चित्रफिती मराठीतही आहेत, आणि बाळाची पकड कशी घ्यावी हे त्यांत बारकाईने दाखवलं आहे. नवऱ्याला आणि रात्री सोबत राहणाऱ्या आईला किंवा सासूबाईंनाही त्या दाखवा. आशाताई किंवा अंगणवाडीताई ओळखीच्या असतील तर त्यांच्याशी बोला. सर्वांत उत्तम म्हणजे एखाद्या नात्यातल्या बाळंतिणीला पाजताना जवळून पाहणं. विभक्त घरांत वाढलेल्या मुलींना ते पाहायलाच मिळत नाही, आणि मग पहिलं बाळ हातात येतं तेव्हा सगळं नवं वाटतं.

खरेदी फार लागत नाही. पुढून उघडणारे दोन-तीन गाऊन, जरा कडक अशा दोन उशा, पायाखाली घ्यायला पाट किंवा छोटं स्टूल, एक घट्ट झाकणाची पाण्याची बाटली, मऊ सुती फडकी. एक वाटी-चमचा किंवा आजीच्या काळचं बोंडलं असेल तर उकळून ठेवा, पिळलेलं दूध पाजायला तेच बरं. ब्रेस्ट पंप आधी घेऊ नका. बहुतेकींना पहिल्या आठवड्यात हाताने पिळणंच पुरतं. दुधाची बाटली आणि पावडरचा डबा ‘घरात असू दे’ म्हणून तर अजिबातच आणू नका. हाताशी असलेला डबा रात्री दोन वाजता उघडला जातोच.

पहिला तास

बाळ जन्मलं, रडलं, पुसलं, की त्याला आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवायचं आणि दोघांवर मिळून पांघरूण घालायचं. वजन, टोचणी, पेढे, व्हिडिओ कॉल सगळं नंतर. बाळ थोडा वेळ शांत पडतं, मग हात चाटतं, पाय मारतं, सरकत सरकत स्तनापर्यंत पोचतं आणि स्वतःच तोंड लावतं. याला ब्रेस्ट क्रॉल म्हणतात. घाईने त्याचं डोकं धरून तोंडात स्तन कोंबायची गरज नसते. जन्मानंतरचा पहिला तास-दीड तास बाळ चांगलं जागं असतं. नंतर ते लांब झोप काढतं. म्हणून हा तास मोलाचा.

महाराष्ट्रात आज चारातलं साधारण एक बाळंतपण सिझेरियनचं असतं. पाठीत इंजेक्शन देऊन केलेल्या सिझेरियनमध्ये आई जागी असते, बाळ तिच्या गालाशी, छातीशी आणता येतं, आणि टाके घालून झाल्यावर लगेच पाजता येतं. कुशीवर झोपून, किंवा बाळाला काखेखालून बाजूला धरून पाजलं तर टाक्यांवर दाब येत नाही. वेदनाशामक औषध नाकारू नका. दुखत असेल तर पान्हा अडतो, आणि डॉक्टर जे देतात ते पाजणाऱ्या आईला चालणारंच निवडतात.

या तासात मध चाटवण्याची पद्धत आपल्याकडे खूप घरांत आहे. सोन्याचं वळं मधात बुडवून बाळाच्या जिभेला लावणं हा तर समारंभच असतो. पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. रीत मोडवत नसेल तर वळं बाळाच्या कपाळाला लावा. गुटी, साखरपाणी, ग्राइपवॉटर यांचंही तसंच. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. मे महिन्यात विदर्भात बाळ झालं तरी नाही, कारण आईच्या दुधात 87-88 टक्के पाणीच असतं. अपवाद फक्त डॉक्टरांनी सांगितलेल्या औषधांचा, जसे ड जीवनसत्त्वाचे थेंब.

पकड

पाजण्यातली सगळी कारागिरी इथे आहे. भेगा पडणं, दूध न पुरणं, बाळ तासन्‌तास ओढत राहणं, वजन न वाढणं, यांतल्या बहुतेक तक्रारींचं मूळ बाळाच्या चुकलेल्या पकडीत असतं. म्हणून हे जरा सावकाश वाचा.

आधी स्वतः नीट बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर किंवा पाटावर, खांदे सैल. वाकून बाळाकडे जायचं नाही. बाळाला आपल्याकडे आणायचं. डावीकडे पाजताना बाळ उजव्या हातावर घ्या. उजव्या हाताचा तळवा त्याच्या पाठीवर आणि मानेखाली, अंगठा व बोटं कानांच्या मागे. डोक्यावर मागून दाब देऊ नका, तसं केलं की बाळ उलट मान मागे टाकतं. बाळ पूर्ण कुशीवर, पोट आईच्या पोटाला चिकटलेलं. कान, खांदा आणि कमर एका रेषेत. नुसतं तोंड वळवून पिणाऱ्या बाळाला गिळता येत नाही; मान वळवून पाणी पिऊन पाहा म्हणजे कळेल.

डाव्या हाताने स्तन खालून धरा, एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला बोटं, काळ्या भागापासून दूर. आता हलकेच दाबा. वडापाव खाताना आपण तो जिवणीच्या दिशेनेच चपटा करतो, आडवा धरून उभा दाबत नाही. इथेही बाळाच्या ओठांची रेघ ज्या दिशेला आहे त्याच दिशेला स्तन चपटा व्हायला हवा. बाळाचं नाक स्तनाग्रासमोर आणा, स्तनाग्राने त्याच्या वरच्या ओठाला हळूच स्पर्श करा आणि थांबा. बाळ जांभई द्यावी तसं तोंड उघडेल. अर्ध्या उघड्या तोंडावर समाधान मानू नका. पूर्ण उघडलं की त्याला झटकन जवळ ओढा, हनुवटी आधी स्तनात रुतेल अशा बेताने.

नीट पकडलं असेल तर हनुवटी स्तनात रुतलेली, नाक मोकळं, खालचा ओठ बाहेर मुडपलेला आणि गाल फुगीर दिसतात. काळा भाग वरच्या बाजूला जास्त दिसतो, खालच्या बाजूला जवळपास दिसत नाही. सुरुवातीच्या भराभर चुकचुकीनंतर ओढण्याची लय संथ होते आणि मधूनमधून गिळल्याचा हलका आवाज येतो. टिचक्या मारल्यासारखा आवाज येत असेल, गालाला खळ्या पडत असतील, तर पकड सुटते आहे.

आणि दुखणं. पहिल्या काही सेकंदांत ओढ जाणवते, ते ठीक. त्यानंतरही कळ जात नसेल, दात आवळून बसावं लागत असेल, तर ‘सुरुवातीला दुखतंच’ हा सल्ला ऐकू नका. करंगळी धुऊन बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यातून आत सरकवा, हवा जाऊ द्या, सोडवा, पुन्हा लावा. दहा वेळा करावं लागलं तरी करा. बाळाने सोडल्यावर स्तनाग्र गोल दिसायला हवं. एका बाजूने चपटं, तिरकं झालेलं दिसलं तर पकड वरवरची होती. भेगा पडल्याच तर पाजून झाल्यावर दुधाचेच दोन थेंब लावून हवेवर वाळू द्या आणि पकड सुधारा. मलमाने पकड सुधारत नाही.

एक बाजू बाळाने आपणहून सोडेपर्यंत चालू द्या, मग दुसरी द्या. शेवटी येणारं दूध जास्त स्निग्ध असतं. घड्याळ लावून दहा-दहा मिनिटं वाटण्याचा हिशेब कुठून आला कोण जाणे, पण तो सोडून द्यावा.

दुसरी रात्र

पहिला दिवस बरा जातो. बाळ झोपाळू असतं, पाहुणे येतात, बाळाचं नाक कोणासारखं यावर चर्चा होतात. मग दुसरा दिवस मावळतो आणि बाळ बदलतं. दर अर्ध्या-पाऊण तासाला ओढायला मागतं, पोट भरलंसं वाटून खाली ठेवलं की पुन्हा रडतं, छातीवर घेतलं की गप्प. रात्री दोनला आई थकून गेलेली, छाती अजून मऊच, आणि खोलीत एक वाक्य उच्चारलं जातं: ‘अगं, तिला दूधच नाहीये, बाळ भुकेनं रडतंय.’

खरं तर त्या रात्री बाळ आपलं काम करत असतं. वारंवार ओढून ते दूध मागवून घेत असतं. ते मागेल तितक्या वेळा दिलं तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती भरते. याच वेळी वरचं दूध दिलं तर बाळ तीन-चार तास गाढ झोपतं, सगळे सुटकेचा श्वास टाकतात, आणि ‘बघ, भुकेलंच होतं’ हे सिद्ध झाल्यासारखं वाटतं. पण तेवढे तास स्तनाला मागणी गेलेली नसते. दुसऱ्या दिवशी दूध थोडं कमी, वरचं थोडं जास्त. आठवड्याभरात ‘हिला दूध नव्हतं’ ही गोष्ट खरी होऊन बसते.

या रात्रीची तयारी अशी करा. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे नकोत. ते काम नवऱ्याचं, बाळंतिणीने कोणाला नाही म्हणत बसू नये. त्या दुपारी बाळ झोपेल तेव्हा आईनेही झोपायचं. रात्री सोबतीला अशी व्यक्ती ठेवा जिला हे सगळं आधी सांगितलेलं आहे. बाळ ओढत नसेल पण रडत असेल, तर तिने लंगोट बघायचा, बाळाला उघड्या अंगाने आईच्या छातीवर ठेवायचं, थोडा वेळ स्वतः खांद्यावर घेऊन फिरायचं. आईला खायला-प्यायला हातात आणून द्यायचं. बाळाचं रडणं ही भुकेची शेवटची खूण आहे. त्याआधी ते तोंड उघडतं, मान इकडेतिकडे फिरवतं, मूठ चोखतं. तेव्हाच घेतलं तर पकड सोपी जाते.

वरचं दूध सुचवणाऱ्या आईला किंवा सासूबाईंना दोष देऊन काही साधत नाही. त्यांच्या बाळंतपणांच्या काळात डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र छापलेलं असे. 1992 मध्ये केंद्राने कायदा करून वरच्या दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात बंद केली आणि डब्यावर बाळाचा किंवा आईचा फोटो छापायलाही मनाई केली. 2003 मध्ये तो कायदा आणखी कडक झाला. दवाखान्यात फुकट नमुना वाटणंही या कायद्याने चालत नाही. तेव्हा ‘आजी, तुमच्या काळी चूक झाली’ म्हणण्यापेक्षा ‘आजी, पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी दोन चमचेच लागतात, डॉक्टरांनीच सांगितलंय’ हे वाक्य जास्त कामाला येतं. ते खरंही आहे.

पुरतंय का, हे कसं ओळखायचं

छाती किती भरली यावरून नाही, पंपाने किती निघालं यावरून नाही, बाळ किती झोपलं यावरून तर नाहीच. लंगोट मोजा. पहिल्या दिवशी निदान एकदा शू, दुसऱ्या दिवशी दोनदा, असं वाढत पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा, फिकट रंगाची. शी आधी काळी चिकट, मग हिरवट, चौथ्या-पाचव्या दिवशी पिवळी. पहिले दिवस डायपरपेक्षा लंगोटच बरे; त्यांत हिशेब लागतो. चोवीस तासांत 8 ते 12 वेळा पाजणं व्हायला हवं, आणि जन्माचं वजन भरून निघेपर्यंत बाळ तीन तासांहून जास्त झोपलं तर उठवून पाजा.

पहिल्या दिवसांत वजन उतरतं. 3 किलोचं बाळ 2 किलो 800 ग्रॅमवर आलं तर धास्तावू नका; 7 टक्क्यांपर्यंतची घट नेहमीची आहे. 10 टक्क्यांकडे, म्हणजे 300 ग्रॅमकडे गेली तर पकड तपासून घ्यायला हवी आणि डॉक्टरांनी बाळ पाहायला हवं. दहा ते चौदा दिवसांत जन्माचं वजन परत यावं.

काही वेळा वरचं दूध खरोखर लागतं. बाळाची साखर उतरते, वजन फार घटतं, कावीळ वाढते, बाळ कमी दिवसांचं असतं. अशा वेळी डॉक्टर देतील ते द्यावं आणि मनाला लावून घेऊ नये. फक्त क्रम विचारा: आधी आईचं पिळलेलं दूध, मग दूध पेढीतलं, मग पावडरचं. आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात सुरू केली. आज राज्यातल्या इतर काही मोठ्या रुग्णालयांतही अशी सोय आहे, विचारायला संकोच नको. बाळ काचेच्या पेटीत असेल तर पहिल्या सहा तासांच्या आत हाताने पिळायला सुरुवात करा आणि दर दोन-तीन तासांनी, रात्री धरून, करत राहा. अंगठा आणि तर्जनी काळ्या भागाच्या कडेला ठेवायची, आधी छातीकडे मागे दाबायचं, मग दोन्ही बोटं जवळ आणायची, सोडायचं. त्वचेवर बोटं घासायची नाहीत. सुरुवातीला थेंबच निघतात. तेही चमच्यात धरून बाळाकडे पाठवा.

बाळ ओढायलाच उठत नसेल, पहिल्या दिवसानंतर बारा तासांत शू झाली नसेल, पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत आला असेल, ताप असेल किंवा अंग गार पडत असेल, तर घरगुती उपाय न करता तडक दवाखाना गाठा.

छाती दाटली तर

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी छाती एकदम दगडासारखी होऊ शकते. बाळाला धरायला जमत नाही, कारण काळा भाग ताणलेला असतो. पाजण्याआधी दोन-चार मिनिटं ओल्या कोमट फडक्याने शेका, स्तनाग्राभोवती बोटांनी मिनिटभर हलका दाब द्या, थोडं पिळा, म्हणजे तो भाग मऊ होतो. पाजून झाल्यावर गार पट्टी. मालिशवाल्या बाईला गाठी मोडायला जोरात चोळू देऊ नका, त्याने सूज वाढते. स्तनाचा एखादा भाग लाल, गरम झाला आणि थंडी वाजून ताप आला तर डॉक्टरांकडे जा, पण पाजणं थांबवू नका. ते दूध बाळाला चालतं आणि थांबवलं तर त्रास वाढतो.

खाण्यापिण्याबद्दल थोडक्यात. पहिले सहा महिने पाजणाऱ्या बाईला रोज सुमारे 600 कॅलरी जास्त लागतात. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, बाजरीची भाकरी, खोबरं-लसूण, सगळं उत्तम. अळिवात लोह आहे, लाडवात ताकद आहे. पण दूध लाडवाने नाही, ओढल्याने वाढतं. दीड महिना नुसत्या तूप-मेतकूट भातावर ठेवून भाज्या, फळं, डाळी, अंडी बंद करण्यात काही अर्थ नाही. पाणी तहान लागेल तेवढं प्या. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतरही सहा महिने चालू ठेवायच्या असतात, आणि त्याच विसरल्या जातात.

नोकरी असेल तर रजेचा अर्ज आत्ताच पाहून ठेवा. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात 2017 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा आहे, आणि रुजू झाल्यावर बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी रोज दोन सुट्ट्या मिळतात. ज्या बायकांना हा कायदा लागू होत नाही, शेतात, घरकामाला, वीटभट्टीवर जाणाऱ्या, त्यांच्या बाबतीत बाळ जवळ ठेवू देणं हे काम देणाऱ्याच्या हातात आहे, आणि हा लेख वाचणाऱ्यांपैकी कित्येकजण असे काम देणारे असतील.

राहता राहिले भेटायला जाणारे. बाळंतिणीच्या खोलीत शिरल्या शिरल्या ‘दूध येतंय ना गं?’ हे विचारू नका. तिचं जेवण झालं का ते विचारा, डबा ठेवा, लंगोट वाळत घाला आणि पंधरा मिनिटांत निघा.